लाव्यांचा संकर

लालबागला राहणारा माझा एक जुना विद्यार्थी गेल्या पावसाळ्याच्या तोंडीं माझ्या गिरगांवांतील बिऱ्हाडीं आला. हातांत जाळी मारलेली लांकडी पेटी, आणि पेटींत चार जपानी लावे. अंड्यांसाठीं त्यानें हे पक्षी गच्चीवर बाळगले आहेत. "मास्तर," तो म्हणाला, "रानांतला पावसाळी लावा यांच्यांत सोडला तर पिलें होतील का? रानच्या पांखराचा काटकपणा आणि यांचीं रोजचीं अंडीं, दोन्ही एका जागीं येतील." तीस वर्षें मुलांस प्रश्न घालण्यांत घालविलेल्या मनुष्यास कोणी असा उलट प्रश्न केला म्हणजे त्याची जी अवस्था होते, ती माझी झाली. तें उत्तर शोधतांना जें वाचलें आणि पुढें स्वतःच्या हातानें करून पाहिलें, तें आज आपणांस सांगणार आहें.

पक्ष्यांविषयीं शंका आली कीं मुंबईकरानें जावयाचें ठिकाण म्हणजे १८८३ सालीं स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. आमच्या शेजारच्या खेतवाडींत वाढलेला सालिम अली नांवाचा अकरा-बारा वर्षांचा मुलगा १९०८ सालीं एका चिमणीचा कंठ पिवळा कां, हें विचारावयास तेथेंच गेला होता. मी त्याच्या पांचपट वयाचा होऊन गेलों, इतकाच फरक.

प्रथम नांवांचा घोळ निस्तरला पाहिजे. ऋग्वेदांतील अश्विनीकुमारांनीं वृकाच्या जबड्यांतून जी वर्तिका सोडविली, ती लावीच, असें पंडित मानतात. परंतु आपण सरसकट लावे म्हणतों ते सर्व एका कुळांतील नव्हेत. हिंवाळ्यांत उत्तरेकडून येणारा पाहुणा लावा एक. छातीवर काळा डाग असलेला, पावसाबरोबर गवतांत वीण घालणारा पावसाळी लावा दुसरा. जपानी लावा हा या दोघांचा सख्खा भाऊबंद. झुडपांत थव्यानें राहणारा लावा जरा दूरच्या नात्यांतला. आणि ज्याच्या पायास मागचें बोट नाहीं, ज्याच्यांत अंडीं नर उबवितो, तो दुर्वा तर लावाच नव्हे. त्याचें गोत्र समुद्रकांठच्या पांखरांशीं जुळतें. रूप सारखें म्हणून सोयरीक जुळेल, असें पक्ष्यांत नाहीं.

जपानी लाव्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. जपानांत तो प्रथम त्याच्या आवाजासाठीं पाळीत. विसाव्या शतकाच्या आरंभीं अंड्यांकडे लक्ष वळलें. दुसऱ्या महायुद्धांत हे कळप बहुतेक नष्ट झाले, आणि उरल्यासुरल्या पक्ष्यांपासून वंश पुन्हां उभारावा लागला. १९७४ सालीं तो कॅलिफोर्नियांतून बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील संशोधनकेंद्रांत आला व तेथून देशभर पसरला. आज दादरच्या दुकानांतून ठिपक्यांचीं जीं चिमुकलीं अंडीं मिळतात, तीं याचींच. १९९० सालीं तर मीर या सोव्हिएत अवकाशस्थानकांत त्याचीं पिलें अंड्यांतून बाहेर पडलीं. अंडें दहा-अकरा ग्रॅमांचें. सतरा-अठरा दिवसांत तें फुटतें. आणि सहा आठवड्यांत मादी स्वतः अंडीं घालूं लागते. शाळेच्या एका वर्षांत चार पिढ्या डोळ्यांदेखत होतात!

विद्यार्थ्यास मी पहिली गोष्ट सांगितली ती ही कीं, रानांतील लावा पकडणें वा बाळगणें १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्याप्रमाणें गुन्हा आहे; तेव्हां पावसाळी लाव्याचा विचार सोड. त्याऐवजीं जपानी लाव्याच्याच दोन वाणांचा संकर करूं. तपकिरी नर त्याचा, दोन पांढऱ्या माद्या मीं आणल्या.

येथें माझ्या उतावळेपणाची कबुली दिली पाहिजे. पांढऱ्या माद्या पूर्वीं पांढऱ्या नराबरोबर होत्या. नराचें बीज मादीच्या अंगीं आठ-दहा दिवस जिवंत राहतें. म्हणून नर बदलतांना तिला दोन आठवडे एकटी ठेवावी लागते. मीं तिसऱ्या दिवशींच अंडीं वेंचलीं. उबवणीच्या पेटींत साडेसदतीस अंश उष्णता राखली, दिवसांतून तीनदां अंडीं फिरविलीं, आणि सतराव्या दिवशीं कांहीं पिलें पट्ट्यांचीं निघालीं, तर कांहीं पिवळीं धमक! पांढऱ्याचा गुण दबून राहणारा. तपकिरी बापाचें पिलूं असें निघणेंच नाहीं. तीं पिवळीं पिलें आधींच्या नराचीं होतीं. वंशावळ लिहिण्यासाठीं आणलेली वही मीं मिटली व पुन्हां आरंभ केला.

पिलें भुंग्याएवढीं असतात. पहिल्या रात्रीं तीन पिलें पाण्याच्या बशींत बुडून मेलीं. बशींत खडे घालावे, म्हणजे चोंच जाते पण पिलूं जात नाहीं, हें मला दुसऱ्या दिवशीं कळलें. पाळीव मादी उबेस बसणें विसरली आहे, तेव्हां आईचें काम दिव्यानेंच करावें लागतें. पहिला आठवडाभर शरीराच्या उष्णतेइतकी ऊब, आणि मुंगीएवढा बारीक पण सकस दाणा.

दुसऱ्या खेपेचीं सर्व पिलें पाठीनें तपकिरी व पोटानें पांढरीं झालीं, जणूं सदऱ्यावर कोट चढविला आहे. त्यांची आपसांत जोडी लावतां तपकिरी, कोटवाले व पांढरे असे तिन्ही प्रकार मिळाले. मेंडेलनें वाटाण्यावर जें मांडलें, तें माझ्या गॅलरींत फडफडत होतें.

परंतु हा वाणांचा संकर झाला. दोन निराळ्या जातींचा संकर ही गोष्ट वेगळी. कोंबडा व लावी यांचा संकर कृत्रिम रेतनानें शास्त्रज्ञांनीं घडविला आहे. बहुतेक गर्भ अंड्यांतच मरतात, जगतात त्यांत नर अधिक, आणि तेही वांझ. संकरांत एक लिंग उणें पडलें तर तें कोणतें, याचा नियम १९२२ सालीं हॉल्डेन यांनीं सांगितला. पक्ष्यांत ती मादी. हे हॉल्डेन १९५७ सालीं भारतांत आले व येथलेच नागरिक झाले. खेचराप्रमाणें असा संकर स्वतःबरोबर संपतो, त्याचा उपद्रव पुढें जात नाहीं.

उपद्रव होतो तो जवळच्या नात्यांत. युरोपांत शिकारीसाठीं जपानी लावे व त्यांचे संकर रानांत सोडण्यांत आले. तेथील रानलाव्याशीं त्यांचें जमतें, आणि संततीही प्रजननक्षम होते. रानलाव्याची साद तीन तुटक ठोक्यांची, जपान्याची ओढलेली व घोगरी. संकराची या दोहोंच्या मधली. आवाज बिघडला हें कानांस तरी कळतें. पण हजारों कोस उडून जाण्याची जी ओढ रानलाव्याच्या रक्तांत आहे, ती पिंजऱ्यांत पिढ्या काढलेल्या पक्ष्याच्या मिसळीनें मंद होईल, अशी भीति तेथील अभ्यासकांस वाटते. हिंवाळ्यांत आपल्या शेतांत उतरणारा पाहुणा त्याच जातीचा आहे.

हें सर्व मला घरींच उपयोगी पडलें. पक्षी वीसावर गेले तशा शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मुक्या जिवांना कोंडून कशाला ठेवतां? बोरिवलीच्या रानांत सोडून द्या, पुण्य तरी लागेल." मीं म्हटलें, "वहिनी, यांतले बहुतेक पहिल्याच दिवशीं घारी-मुंगसांच्या तोंडीं जातील. आणि चुकून एखादा जगला, तर तेथल्या पावसाळी लाव्याशीं तो काय नातें जोडील, याचा हिशेब मला देतां येणार नाहीं." त्यांस तें पटलें नाहीं. जन्माला घातलेंत तेव्हां हा हिशेब केला होतांत का, असें त्यांनीं विचारलें. मीं केला नव्हता.

निम्मे पक्षी विद्यार्थ्यानें लालबागला नेले. राहिलेल्या नर-माद्यांचे पिंजरे आतां निराळे आहेत व उबवणीची पेटी माळ्यावर आहे. रोज पांच-सहा अंडीं मिळतात. वहिनी स्वतः खात नाहींत, परंतु नातवासाठीं वाटी मात्र पुढें करतात.