उंट न पाहता

मेकअप करून कधीच्या ताटकळलेल्या मुलामुलींनो,

ठरलेले पाहुणे आयत्या वेळी अडकले आणि काल रात्री मला फोन आला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ! म्हणून विषयही योगायोगाचाच घेतो.

इंग्रजीत ‘सेरेंडिपिटी’ हा शब्द होरेस वॉलपोल या लेखकाने घडवला. २८ जानेवारी १७५४ रोजी फ्लॉरेन्समधल्या आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात. ‘सेरेंदिप’ हे श्रीलंकेचं जुनं फारसी नाव, आणि त्याच्या मुळाशी आपलं ‘सिंहलद्वीप’. तिथल्या तीन राजपुत्रांची गोष्ट वॉलपोलने वाचली होती.

वाटेत राजपुत्रांना एक उंटवाला भेटतो. उंट हरवलाय. हे विचारतात, “एका डोळ्याने आंधळा? एक दात पडलेला? लंगडा?” झालं, चोर हेच! रवानगी थेट तुरुंगात. वास्तविक त्यांनी उंट पाहिलेलाच नव्हता. वाटेच्या एका कडेला गवत हिरवंगार, दुसरीकडे खुरटं; आणि खाल्लेलं होतं खुरटं. म्हणजे हिरव्या बाजूचा डोळा गेलेला. दाताएवढ्या फटीतून गळालेले चघळलेल्या गवताचे बोळे, धुळीत एका पायाची फरपट. (वॉलपोलने पत्रात या उंटाचं खेचर करून टाकलंय. आठवणीवर विसंबलं की असं होतं.)

ते गवत इतर वाटसरूंनाही दिसलंच असणार. अर्थ लावला तो राजपुत्रांनी. म्हणूनच ‘सेरेंडिपिटी’त वॉलपोलला योगायोगाच्या जोडीला चाणाक्षपणा हवा होता. आज हा शब्द नुसत्या नशिबासाठी वापरतात, ते मला पटत नाही. नुसत्या नशिबाला आपल्याकडे घुणाक्षरन्याय आहे की! लाकूड पोखरताना किड्याकडून अक्षर उमटतं. किड्याला ते वाचता येत नाही, एवढंच.

नुसत्या नशिबाचा एक नमुना बघा. एप्रिल १८१९. जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी वाघाच्या शिकारीला निघाला आणि अजिंठ्याच्या लेण्यांसमोर येऊन ठेपला. आसपासच्या लोकांना ती ठाऊक होतीच, पण साहेबाला केवढं घबाड! मग साहेबाने काय करावं? दहाव्या लेण्यात, भिंतीवरच्या चित्रावरच, स्वतःचं नाव आणि तारीख कोरली. आपल्या किल्ल्यांवर बदाम कोरणाऱ्यांचा हा मूळ पुरुष. अजिंठ्याला सहलीला गेलात तर ते नाव शोधा.

विंगेत कोळीनृत्याच्या टोपल्या हलताना दिसताहेत. थांबतो.