हसू आणि हसं



'माइंड युवर लँग्वेज'चं नाव काढलं की आपल्याकडे अजूनही खसखस पिकते. लंडनमध्ये रात्रीच्या वर्गात इंग्रजी शिकणारे ते परदेशी विद्यार्थी आपल्याला तोंडपाठ. पण ते लिहिणारे व्हिन्स पॉवेल कोण, हे फारसं कुणी विचारत नाही. म्हणून आज आम्ही त्यांच्याविषयी दोन शब्द बोलणार आहोत.

पॉवेल मँचेस्टरचे, जन्म 1928 चा. पेशानं शिंपी. हॅरी ड्रायव्हर या मित्राबरोबर ते रंगमंचावर विनोदी कार्यक्रम करत. 1955 मध्ये ड्रायव्हर यांना पोलिओ झाला आणि हातपाय कायमचे गेले. पण जोडी फुटली नाही. दोघं लिहायला बसले. ड्रायव्हर चक्क तोंडात काडी धरून टाइप करायला शिकले! पुढे दोघांनी टीव्हीसाठी एकामागून एक मालिका लिहिल्या. एकीत तर एक ज्यू आणि एक आयरिश कॅथलिक शिंपी एकाच दुकानात भांडत असत. 1972 च्या 'लव्ह दाय नेबर'मध्ये गोऱ्या कुटुंबाशेजारी काळं कुटुंब राहायला आलं. प्रेक्षक उदंड मिळाले, पण त्यातल्या वर्णद्वेषी शब्दांवर टीकाही झाली. 1973 मध्ये ड्रायव्हर वारले.

'माइंड युवर लँग्वेज' 1977 मध्ये आली आणि 29 भागांनंतर 1979 मध्ये थांबली. परदेशी माणसांचं साचेबद्ध चित्रण चॅनेलच्या वरिष्ठांनाच खटकू लागलं होतं.

मग आम्ही एवढे का हसलो? कारण इथे आल्यावर आम्हीही कधी ना कधी त्या बाकावर बसलोच होतो. आपली फजिती घरच्यांना सांगताना येतं ते हसू. तीच फजिती परक्यानं चारचौघांत ऐकवली की होतं ते हसं. पॉवेल यांच्या मनात आकस होता असं आम्हाला वाटत नाही. पण शिंपी असूनही आमची मापं त्यांनी लांबूनच घेतली!

1998 मध्ये बीबीसीवर 'गुडनेस ग्रेशस मी' आली. संजीव भास्कर, मीरा स्याल वगैरे मंडळी इंग्रजी हॉटेलात जाऊन सगळ्यात मिळमिळीत पदार्थ मागू लागली. त्यात टोपी इंग्रजांची उडत होती आणि आपलीही, कारण लेखणी आता आपल्या मुलांच्या हाती होती.

पॉवेल 2009 मध्ये गेले. त्यांच्यावर रागावण्यापेक्षा मंडळाच्या पुढच्या स्नेहसंमेलनात आपल्या मुलांकडून एक विनोदी एकांकिका लिहून घेऊ या. माप आपलं, कात्रीही आपलीच!