लस येईपर्यंत
(क्रांती चौक, छत्रपती संभाजीनगर येथे दिलेले व्याख्यान)



क्रांती चौक हे नाव १८५७ च्या उठावातील हुतात्म्यांचे स्मरण देते. रोगांविरुद्धचा लढाही असाच दीर्घ असतो. हे शहर ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याच संस्थानातील सिकंदराबाद येथे २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे परोपजीवी आढळले. तेथपासून हिवतापाच्या पहिल्या लशीला जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मिळेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर २०२१ पर्यंत, १२४ वर्षे लोटली. ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारस झालेली आर-२१ ही दुसरी लस ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केली असून तिचे उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये होते. महाराष्ट्रास ही अभिमानाची बाब होय.

इतका विलंब का लागला? हिवतापाचा परोपजीवी यकृतात एक रूप धारण करतो, रक्तात दुसरे. शरीर त्यास ओळखू लागते, तोच तो वेष पालटतो. हत्तीरोगाचा कृमी तर लसिकावाहिन्यांत वर्षानुवर्षे वास्तव्य करून शरीराची प्रतिकारशक्तीच शमवितो. त्यातून हे रोग गरिबांचे. तेथे नफ्याची आशा थोडी. सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेत या रोगावर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. परंतु माणसासाठी त्याची लस अद्याप उपलब्ध नाही.

मग तोवर हातावर हात ठेवून बसावे काय? याचे उत्तर नारूने दिले आहे. नारूवर लस नव्हती, औषधही नव्हते. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. पाणी फडक्याने गाळून पिणे, पायऱ्यांच्या विहिरींऐवजी हातपंप आणि रुग्णास पाण्यात उतरू न देणे, एवढ्या साधनांवर १९९६ मध्ये देशातील शेवटचा रुग्ण नोंदला गेला. फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला.

पूर्व विदर्भात हत्तीरोगाविरुद्ध सामुदायिक औषधोपचार मोहीम राबविली जाते. "मला काही झालेले नाही," असे म्हणून अनेकजण गोळ्या घेतात आणि घरी कोनाड्यात ठेवून देतात. परंतु धडधाकट दिसणाऱ्याच्या रक्तातही हे जंतू असू शकतात, आणि डास ते शेजाऱ्याच्या घरी पोहोचवितो. गरोदर माता, दोन वर्षांखालील बालके व गंभीर रुग्ण वगळता प्रत्येकाने गोळ्या कर्मचाऱ्यासमोरच गिळाव्यात. सरपंचांनी आणि गुरुजींनी पहिली गोळी चावडीवर सर्वांदेखत घेतली, तर गावाची शंका तेथेच फिटेल.

प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ आपले काम करीत आहेत. लस येईपर्यंतचे काम मात्र गावाचेच आहे.