देहाची उंची कोणत्या मापाने सांगावी?



फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत मीटर कसा जन्मास आला आणि १९५६ च्या कायद्यान्वये आपल्याकडील वजनेमापे दशमान पद्धतीवर कशी आणली गेली, हा इतिहास आपणां सर्वांस अवगत असल्यामुळे मी तो ओलांडून थेट मुद्द्यावर येतो. शेर गेला, मण गेला, रस्त्यांवरचे मैलांचे दगडही बदलले. परंतु दूध लिटरने आणि कापड मीटरने घेणारा हा समाज स्वतःची उंची विचारली असता अद्यापि फूट-इंचांतच उत्तर देतो. आपण यास सवय म्हणता; मी यास सोय म्हणतो. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, आणि एवढ्या जागेत माणसाचा अहंकार ऐसपैस मांडी घालून बसतो. (हशा)

आमच्या परिचयाच्या एका वधूवरसूचक मंडळाच्या दप्तरी मुलीच्या अर्जात ‘उंची ५.१०’ अशी नोंद होती. मुलगा इंजिनियर, दशांशचिन्हापुढील शेवटच्या शून्यास किंमत नसते हे शास्त्र त्यास पक्के ठाऊक, म्हणून त्याने ५.१० म्हणजे ५.१ असे गृहीत धरून होकार कळविला. स्वतः तो पाच फूट सहा इंच. पोह्यांची बशी देण्यास मुलगी समोर उभी राहिली, तेव्हा वरपक्षाच्या माना हळूहळू वर जाऊ लागल्या. (प्रचंड हशा) पुढे लग्न जमले, हा त्या मुलीचा मोठेपणा, नोंदीचा नव्हे!

मागून कोणी ‘साडेतीन हात देह’ याची आठवण देत आहे. मान्य, परंतु ते माप ज्याच्या त्याच्या हाताने घ्यावयाचे, म्हणून सारेच साडेतीन हात! त्यावर परमार्थ चालेल, अर्ज चालणार नाही. माझ्या स्वतःच्या उंचीतून हा आग्रह जन्मला असावा, अशी जी कुजबुज पहिल्या रांगेत चालू आहे, ती मी साफ नाकारतो. (हशा) राज्याच्या पोलीस शिपाई भरतीत पुरुष उमेदवारास १६५ सेंटिमीटर उंची लागते. पाच फूट पाच इंच म्हणजे १६५.१, परंतु साडेचार इंचांस घरी ‘पाचच’ म्हणवून घेणारा तरुण त्या पट्टीखाली १६३.८ भरतो आणि परत फिरतो. आईबापांनी कौतुकाने बहाल केलेला अर्धा इंच भरतीच्या मैदानावर असा वसूल होतो.

अध्यक्षमहाराजांची चिठ्ठी आली. दिवसभराच्या भाराने मणक्यांमधील चकत्या दबून सायंकाळी माणूस सुमारे एक सेंटिमीटर खुजा होतो, या विषयास मी अर्धा तास राखून ठेवला होता. तो एका वाक्यात उरकला. आता एवढीच विनंती, की आपली आणि मुलांची उंची अनवाणी, भिंतीस पाठ टेकवून, सकाळी मोजावी व सेंटिमीटरांतच लिहावी. आणि सभागृहात वधूवरमंडळांचे जे चालक उपस्थित असतील, त्यांनी अर्जावरील फूट-इंचांचा रकाना पुढील छपाईत रद्द करावा.