जुन्या मोटारसायकलीचे रबर वेळीच बदला



आज पिकाबद्दल बोलणार नाही. दूध डेअरीवर पोचवणाऱ्या, मोटारीचा स्टार्टर आणायला तालुक्याला पळणाऱ्या आपल्या जुन्या फटफटीबद्दल बोलू. आर.एक्स. 100 ही टू-स्ट्रोक गाडी 1985 साली आली आणि 1996 साली बंद झाली. तरीही ती अनेक घरी अजून चालू आहे. तिचे लोखंड टिकले, पण रबर टिकत नाही.

कार्बोरेटरच्या दोन्ही अंगांना रबर असते. पुढचे रबर कार्बोरेटरला इंजिनाशी जोडते. मागचे रबर एअर फिल्टरकडून हवा आणते. इंजिनाची धग, पेट्रोल, ऊन आणि वय यांमुळे ते कडक होते आणि त्याला भेगा पडतात. आता पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल आपल्याच उसापासूनही होते, पण त्या काळचे रबर अशा पेट्रोलासाठी केलेले नाही. म्हणून जास्त लक्ष हवे.

एवढ्याशा भेगेने काय बिघडते, असे म्हणू नका. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे 15 भाग हवा लागते. पुढच्या रबराला भेग पडली की इंजिन जादा हवा ओढते, पेट्रोल कमी पडते आणि पिस्टन फाजील तापतो. भरल्या कॅन लादून घाट चढताना पिस्टन जाम झाला तर मागचे चाक जागीच अडकते. मग दूधही जाते आणि जिवावरही बेतते. चालत्या गाडीत असे झाले तर ताबडतोब क्लच दाबा. मागच्या रबराला भेग असेल तर फुफाटा थेट इंजिनात जातो आणि रिंगा व सिलिंडर घासून खातो.

दुखणे ओळखा. मूठ सोडली तरी रेस लवकर उतरत नाही. स्लो कधी वर, कधी खाली होतो. चोक दिल्याशिवाय गाडी धड चालत नाही. प्लग पांढरट दिसतो. अशा वेळी पुष्कळजण कार्बोरेटरचे स्क्रू पिळत बसतात. आधी रबर पाहा. इंजिन गार असताना ते बोटांनी वाकवा आणि खालची बाजूही बघा, कारण भेगा बहुधा तिथेच लपतात. मग गाडी स्लोवर ठेवून जोडावर साबणाचे पाणी थेंबथेंब टाका. इंजिनाचा आवाज बदलला तर तिथून हवा जाते असे समजा. काहीजण हीच परीक्षा पेट्रोल शिंपडून करतात. तसे मुळीच करू नका, आग लागते.

नवे रबर घेताना दुकानात वाकवून बघा. वर्षानुवर्षे फळीवर पडलेले रबर वापराआधीच चिरलेले असते. धातूच्या पट्टीला चिकटवलेली बाजू सुटलेली नाही ना, तेही पाहा. सोबत नवे पॅकिंग आणि क्लिपा घ्या.

बदलायची रीत अशी:

1. इंजिन गार होऊ द्या. पेट्रोलचा कॉक बंद करा. जवळ विडी-काडी नको.

2. दोन्ही क्लिपा ढिल्या करून कार्बोरेटर अलगद काढा. रबराला बारीक नळी जोडलेली असेल तर तिची जागा लक्षात ठेवा.

3. बोल्ट खोलून जुने रबर काढा. इंजिनाच्या तोंडाला लगेच स्वच्छ फडके लावा. आत वायसर पडला तर इंजिन खोलावे लागेल.

4. रीड व्हॉल्व्हच्या पात्या बघा. टवका उडालेली किंवा वाकलेली पाती बदला.

5. जुने पॅकिंग हलक्या हाताने खरवडा. ॲल्युमिनियमला ओरखडा पडला तर तिथून पुन्हा हवा जाईल.

6. नवे पॅकिंग व रबर बसवून बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळा. जोर केलात तर आटे जातील.

7. कार्बोरेटर सरळ धरून शेवटपर्यंत आत बसवा, मग क्लिप आवळा. मागचे रबर कडक वाटले तर कोमट पाण्यात ठेवा. आत सरकवायला साबणाचे पाणी पुरे, ग्रीस किंवा तेल लावू नका. त्याचा काठ चोहोबाजूंनी बसला का, ते बोट फिरवून पाहा.

भेगेवर सोल्युशन, चिकटपट्टी किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून भागत नाही. पेट्रोल लागले की ते सुटते.

सगळे बसले की साबणाच्या पाण्याची परीक्षा पुन्हा घ्या. स्लो पूर्वी वाढवून ठेवला असेल तर कमी करा. थोडे अंतर चालवून प्लग काढा. तो तपकिरी दिसला की मिश्रण बरोबर आहे. त्याच वेळी पेट्रोलची नळीही वाकवून पाहा. कडक झाली असेल तर तीही बदला.

आपण पंपाच्या फूटव्हॉल्व्हचे वायसर पाणी सुटायची वाट न बघता बदलतो. तीच सवय गाडीला लावा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि ऊसतोडणी सुरू होण्याआधी, हे रबर हाताने चाचपून पाहा. थोड्या खर्चात इंजिन वाचेल, आणि भरल्या कॅन वेळेवर डेअरीत पोचतील.