गाडी कुठं थांबवायची?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं बोलणं. "लिहून द्या, गटात वाचू" असं बऱ्याच जणी म्हणाल्या, म्हणून इथं देत आहे.)



आज हप्ते, थकबाकी, ऑडिट यातलं काहीच बोलणार नाही. अध्यक्षताईंनी मला सहलीवर बोलायला सांगितलंय. हा विषय सभेपुढं तिसऱ्यांदा येतोय. आधीच्या दोन्ही सभांच्या इतिवृत्तात मी एकच वाक्य लिहिलंय, "सदस्य घरी विचारून सांगतील." अजून कुणी सांगितलेलं नाही. मी काही टोचत नाही, माझ्या घरातसुद्धा हेच चालतं. म्हणून आमच्या घरची गेल्या वर्षीची सहल सांगते. फार आदर्श झाली असं नाही, पण ऐका.

आमचं गाव तासगाव तालुक्यात. गणपती झाल्यावर दादानं ठरवलं, कासला जायचं, फुलं बघायला. मित्राची गाडी एका दिवसापुरती मागून आणली. आप्पा, आई, आत्या, दादा, वहिनी, त्यांची चार वर्षांची मुलगी आणि मी. जायचं कुठं ते दादानं ठरवलं, निघायचं कधी ते आप्पांनी. आईनं काय ठरवलं? दशम्या किती करायच्या ते. रात्री अकरापर्यंत ती आणि वहिनी चुलीपुढं होत्या. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मुलीसाठी गूळ-पोळी. पहाटे पाचला गाडीत बसायच्या आधी आत्या आईला म्हणाली, "पाणी पिऊ नगंस गं आता."

हे वाक्य तुम्हाला नवीन नाही. सभेत मी विचारलं, प्रवासाला निघताना पाणी न पिता निघणाऱ्यांनी हात वर करा. तीन-चार जणी सोडल्या तर सगळ्यांचे हात वर. मग विचारलं, लघवीच्या जळजळीसाठी दवाखान्यात जाऊन आलेल्या किती? आधी हसू आलं, मग निम्मे हात वर राहिले. माझ्या आईचा हात त्यातलाच. डॉक्टरांनी तिला दोनदा बजावलंय, पाणी भरपूर प्या. पण पाणी प्यायचं तर गाडी थांबवावी लागते, आणि गाडी कुठं थांबवायची हे आईच्या हातात कधीच नव्हतं.

विटा, कडेगाव करत आम्ही कराडला पोचलो. आप्पांना आणि दादाला मिसळ खायची होती, म्हणून पहिला थांबा मिसळीचा. मिसळ चांगली झणझणीत होती, खोटं कशाला बोलू! पण तिखटावर आईनं दोन घोट पाणी घेतलं आणि पेला बाजूला ठेवला. मागच्या बाजूला संडास होता, त्याला कुलूप. किल्ली मालकाकडं, मालक बाहेर गेलेला. दादा म्हणाला, "पुढं बघू." हे "पुढं बघू" तासवड्याच्या टोलनाक्यापर्यंत चाललं, मग उंब्रजपर्यंत.

नागठाण्याच्या अलीकडं माझ्या भाचीला उलटी झाली. ठरवून नाही, पण गाडी थांबली. तिथं रस्त्याकडेला एक बाई भुईमुगाच्या ओल्या शेंगा उकडून विकत होती. मोठं पातेलं, वर ओलं फडकं, मापाला एक जुना डबा. वहिनी पोरीचं तोंड धुवत होती, तोवर आईनं शेंगा घेतल्या आणि सरळ विचारलं, "गटात हाय का?" बाई म्हणाली, "हाय की. पातेलं गटाच्याच कर्जाचं हाय. दोन हप्ते राहिल्यात." मग पाच मिनिटं दोघींचं पिशवीचा खर्च, सरपण, पावसाचा दिवस कसा वाया जातो यावर बोलणं. निघताना आईनं हळूच विचारलं, बाजूला कुठं जाता येईल का. त्या बाईनं शंभर पावलांवरचा पेट्रोल पंप दाखवला. "मी तिथंच जाते. त्यांना द्यावाच लागतो."

हे लक्षात ठेवा. पेट्रोल पंपावर संडास, प्यायचं पाणी आणि चाकाची हवा ही सोय ठेवावीच लागते. पेट्रोल भरलं नाही तरी मागता येतं. स्वच्छता कशी असेल याची हमी मी देत नाही, पण कुलूप असेल तर किल्ली मागायचा हक्क आपला आहे. मी समाजकार्याचं शिक्षण घेतलंय, दोन वर्षं शहरात राहिलेय, पण गाडीत तोंड उघडून "दादा, पंपावर घे" हे मी एकदाही म्हटलं नव्हतं. शेंगावाल्या बाईनं सांगितलं तेव्हा सुचलं.

साताऱ्यात पोचलो साडेआठला. चहाच्या गाड्यावर कळलं की रविवारचं कासचं काही खरं नाही. पश्चिम घाटातल्या ज्या जागांना २०१२ साली जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यात कास आहे. तेव्हापासून गर्दी फार वाढली. फुलं तुडवली जाऊ नयेत म्हणून दिवसाला ठरावीक माणसांनाच आत सोडतात आणि सुट्टीच्या दिवसाची नोंदणी आधीच करावी लागते. दादानं मोबाईलवर बघितलं, तर दिवस भरलेला. नोंदणीचं त्याला ठाऊकच नव्हतं. त्याचा चेहरा पडला. बिचाऱ्यानं मित्राची गाडी आणलेली, डिझेल भरलेलं.

मग सुरू झालं. आप्पा म्हणाले सज्जनगडावर जाऊ. दादा म्हणाला महाबळेश्वर, इतकं आलोच आहोत तर. आत्या म्हणाली, राजवाड्यापाशी कंदी पेढे घ्या आणि घरी चला, माझं गुडघं दुखायलेत. कासचा पत्ता कटल्यावर मात्र आई बोलली. काचेच्या ग्लासाकडं बघत म्हणाली, "नायगाव किती लांब आहे हितनं?"

कुणाला कळलंच नाही. आप्पांनी विचारलं, "कुठलं नायगाव?"

"सावित्रीबाईंचं."

आई अकरा वर्षं गटाची अध्यक्ष आहे. दर तीन जानेवारीला समाजमंदिरात फोटोला हार ती घालते. १८३१ साली नायगावात जन्म, वडील खंडोजी नेवसे पाटील, हे ती दरवर्षी माईकवर सांगते. ते गाव आपल्या साताऱ्याच्याच खंडाळा तालुक्यात आहे, आणि बघावं असं तिच्या मनात इतकी वर्षं होतं. ते मला माहीत नव्हतं, आप्पांनाही नाही. कधी कुणी विचारलंच नव्हतं.

दादा म्हणाला, जायचं कसं, गाडी संध्याकाळी परत द्यायचीय, शिवाय पोरीला बरं नाही. खरंच होतं ते. एरवी आई "बरं राहू दे" म्हणाली असती. त्या दिवशी म्हणाली, "तुम्ही जावा पोरीला घेऊन. आम्ही एसटीनं जातो. तिकीट अर्धं हाय."

आणि आम्ही गेलो! आई, आत्या आणि मी. गुडघ्यांचं आत्या विसरली. हिशोब सांगते, कारण तुम्ही विचारणारच. १७ मार्च २०२३ पासून राज्यातल्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून प्रवास मोफत. आत्या शहात्तरची, तिनं आधार कार्ड काढून वाहकाला असं दाखवलं की जणू पोलीस खात्यात आहे. दोन अर्धी आणि एक मोफत, म्हणजे तिघींचं मिळून एका माणसाचं तिकीट. फक्त गाडी बघून बसा. आम्ही आधी विनाथांब्याच्या गाडीत चढलो, ती शिरवळला थांबत नाही म्हणून उतरावं लागलं. नंतर साधी गाडी मिळाली. खंबाटकी ओलांडून शिरवळला उतरलो, आणि तिथून वडाप. वडापवाल्यानं आम्हाला आत कोंबलं, ते सोडून द्या.

नायगावात सावित्रीबाईंचं घर जपून ठेवलंय, जवळ स्मारक आहे. आई घरात हळूहळू फिरली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "नऊ वर्षांची असताना गेली ना गं ती हितनं?" मी म्हटलं, हो, १८४० ला लग्न झालं. आई म्हणाली, "माझी शाळा लग्नामुळं सुटली. तिची लग्नानंतर सुरू झाली."

मी कॉलेजात सावित्रीबाईंवर पानंच्या पानं लिहिलीत. जोतिरावांनी त्यांना शिकवलं, १८४८ ला पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, सगळं पाठ. पण आईसारखं हे जोडून मी कधी बघितलं नव्हतं. आई सातवी पास आहे. सतराव्या वर्षी लग्न झालं.

बाहेर सावलीत बसून दशम्या आणि चटणी खाल्ली. उरलेल्या शेंगाही. आईनं पाण्याची अख्खी बाटली संपवली. नंतर स्वतः जाऊन विचारलं, संडास कुठं आहे.

परतीला साताऱ्यात कंदी पेढे घेतले. आपल्याकडच्या पांढऱ्या पेढ्यासारखे ते नसतात. खवा चांगला तांबूस होईपर्यंत भाजतात, म्हणून गोड कमी आणि खमंग जास्त. आत्यानं एक तोंडात टाकला आणि म्हणाली, आता काससुद्धा नको. विट्याची गाडी मिळाली. विट्याच्या स्टँडवर दादा मोटारसायकल आणि आप्पा शेजाऱ्याची रिक्षा घेऊन उभे. दोघंही रागात नव्हते, खरं तर थोडे गप्प होते. आप्पांनी एवढंच विचारलं, "बघायसारखं हाय का?" आई म्हणाली, "तुम्हाला दाखवते की."

आता माझी चूक सांगते, ती सभेत सांगताना मला जड गेली. घरी गेल्यावर वहिनीनं पेढे ताटलीत काढले, आत्याचं पाणी तापवलं. भांडी घासताना मला म्हणाली, "ताई, मलाबी यायचं होतं." पोर आजारी, म्हणून ती जाणार नाही हे आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. दादा होता, आप्पा होते, पोर त्यांच्याजवळ राहिली असती. दादानं विचारलं नाही, आईनं विचारलं नाही. आणि महिला हक्कांवर गावोगाव बैठका घेणाऱ्या मीही विचारलं नाही. त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही.

तर आपल्या सहलीचं. कुठं जायचं हे मी सांगणार नाही. प्रत्येक गटानं दोन ठिकाणं लिहून द्यायची. सून आणि सासू एकाच गटात असतील तर दोघींनी वेगवेगळ्या चिठ्ठ्या टाकायच्या. जिथं संडास आहे तिथंच थांबे, आणि ते आधी फोन करून ठरवू. लहान पोरांना घरी कोण सांभाळेल, याचा रकाना मी यादीतच केलाय. त्यात नाव घरच्या पुरुषाचंही चालेल.

यादी कार्यालयात भिंतीला लावलीय. आमच्या वहिनीनं परवा फोनवर विचारलं, बाहेरच्या गावच्या बाईला येता येतं का. मी म्हटलं, प्रभागसंघाला विचारून सांगते.