राजपुरीच्या होडीतला प्रश्न

(मुरुडमधील विद्यार्थी सहलीच्या संध्याकाळी केलेलं भाषण)

दिवसभर चालून पाय दुखत असतील, बसूनच ऐका. मीही बसूनच बोलतो.

सकाळी राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसलो, तेव्हा तुमच्यातल्या एकाने मला हळूच विचारलं, "दादा, हा किल्ला आपला ना?" वारा होता, म्हणून मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. खरं तर ऐकू आलं होतं. उत्तर तयार नव्हतं.

मी मुरुडचाच. चौथीत शिवाजी महाराजांचा इतिहास शिकताना जंजिऱ्याच्या सिद्दीचं नाव आलं आणि अख्ख्या वर्गाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी नऊ वर्षांचा. वडील कुवेतला वायरमन, घरात सिद्दी कोणी नाही, तोफ तर नाहीच. तरी वाटलं, आपल्याकडून काहीतरी झालंय. इंजिनिअरिंगला गेल्यावर उलटं झालं. होस्टेलवरचा आमच्यातलाच एक मित्र जंजिऱ्याचा फोटो दाखवून "आपला अजिंक्य किल्ला" म्हणायचा आणि मीही छाती फुगवायचो. दोन्ही वेळा मी किल्ला आतून नीट पाहिलेलाही नव्हता. गावचा माणूस किल्ला बघत नाही, पाहुण्यांना लांबून दाखवतो.

आज तुम्ही दरवाज्याजवळचं शिल्प पाहिलंत. एका वाघासारख्या प्राण्याने पंजात, तोंडात, शेपटीत हत्ती धरलेत. फोटो सगळ्यांनी काढले. पण ज्यांनी हा किल्ला राखला ते हबशी इथे कसे आले, हे होडीत कोणी विचारलं नाही. पूर्व आफ्रिकेतून त्यांच्यातले कितीतरी गुलाम म्हणून आले. त्याच वाटेने आलेला मलिक अंबर लहानपणी विकला गेला, हातोहात फिरला, आणि निजामशाहीचा कारभारी होऊन 1626 मध्ये वारला. जंजिऱ्याच्या सिद्द्यांनी आधी निजामशाही, मग आदिलशाही, मग मोगल अशी चाकरी केली.

आता 1670-71 च्या सुमाराची गोष्ट. शिवाजी महाराजांच्या दबावाने टेकीला आलेला किल्ल्याचा प्रमुख फतेखान किल्ला द्यायला तयार झाला होता. त्याच्याच हाताखालच्या संबळ, कासिम आणि खैरियत या तीन सिद्द्यांनी त्याला कैद केलं आणि मोगलांचा आश्रय घेतला. देणारा मुसलमान, अडवणारे मुसलमान. आणि महाराजांच्या आरमारात अधिकारी कोण, तर दौलतखान! माझ्या वर्गाने त्या दिवशी मान वळवायची तर नेमकी कुठल्या बाजूला वळवायची होती?

हे ऐकून तुम्हाला बरं वाटलं असेल, तर पुढचंही ऐका. या किनाऱ्यावरच्या गावांनी सिद्दीच्या धाडी सोसल्यात. माणसं धरून नेली गेली. ज्यांचे पूर्वज स्वतः विकले गेले होते त्यांच्या राज्यात हे झालं. "आपला" म्हणायचं असेल तर तेही पदरात घ्यावं लागेल. मला ते अजून जड जातं.

किल्ल्यात मला सर्वांत आवडतात ते गोड्या पाण्याचे तलाव. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मध्ये पिण्याचं पाणी. आपले कितीतरी नातेवाईक आखातात असतात, ते वाळवंटातल्या मरूद्यानाचे फोटो पाठवतात. आपलं मरूद्यान राजपुरीच्या खाडीसमोर आहे. लोक त्याला चमत्कार म्हणतात. मी सॉफ्टवेअरवाला, मला हिशेब सुचतो. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. आपल्याकडे पावसाळ्यात साधारण तीन हजार मिलिमीटर पडतो. म्हणजे एका एकरावर एक कोटी वीस लाख लिटर. त्यातलं बहुतेक समुद्रात जाऊ द्या. दहावा भाग अडवला तरी बारा लाख लिटर, आणि किल्ला एक एकराचा नाही. तोफांपेक्षा या तलावांनी किल्ला जास्त राखला असं माझं मत आहे. कलाल बांगडी तोफेपाशी सेल्फीला रांग होती, तलावाच्या कडेला मात्र पाण्याच्या रिकाम्या बाटल्या दिसल्या. चार तुम्ही उचलल्यात, ते मी पाहिलं.

होडीवाल्याने समुद्राखालच्या भुयाराची गोष्टही सांगितली. गोष्ट म्हणून मजा घ्या, स्टेटसला टाकू नका. सगळं पाणी वरूनच आणावं लागलं असतं आणि वेढ्यात तेच अडवलं गेलं असतं. म्हणून तर तलाव.

तुमच्यातल्या त्या मित्राला अजून एका वाक्यात उत्तर देता येत नाही. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं, आता किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, हे कागदावरचं उत्तर. बाकीचं बसमध्ये भांडत ठरवू. तू माझ्या शेजारी बस.

आता एक कामाची गोष्ट, मग चहा. 1 फेब्रुवारी 2016 ला पुण्याच्या एका कॉलेजची सहल याच मुरुडच्या किनाऱ्यावर आली होती. 14 विद्यार्थी बुडाले. तुमच्याच वयाचे. किनाऱ्यावर आमच्या गावाने ती रात्र काढली आहे. समोरचा समुद्र आता शांत दिसतोय, तसा तो बऱ्याचदा दिसतो. ओहोटीचं पाणी आत ओढतं आणि वाळू पायाखालून सरकते. त्यामुळे घोट्याच्या वर पाणी नको, पोहता येणाऱ्यांनीही नको. दोघादोघांनी जोडीने जा, सव्वासहाला बसपाशी मोजणी आहे. एकही कमी असेल तर बस हलणार नाही.